ग्रिडच्या शेवटच्या रांगेतून

इंदूरच्या देवास नाक्याजवळ माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या गाड्या सरळ करतो आणि रविवारी रात्री प्लेस्टेशनवर कोण कोणावर आदळलं, चूक कोणाची, याचा निवाडा करतो. लॉकडाऊनमध्ये 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'वर सात जणांनी सुरू केलेली आमची लीग आता 'ग्रॅन टुरिस्मो ७'वर चालते. नववा सीझन आहे, दोन डिव्हिजन आहेत, भिडू इंदूर-देवासपासून पुण्यापर्यंतचे. मागच्या अंकात या लीगचा दोन ओळींचा उल्लेख आला आणि संपादकांकडे पत्रं आली. त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी लेखक नाही, तेव्हा दुकानात बोलतो तसंच लिहितोय.

आम्ही आठ मित्र. सगळ्यांकडे कन्सोल आहे, गेम आहे. स्वतःची लीग काढायची आहे. सुरुवात कुठून करू?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उज्जैन

वारापासून. गाडी कोणती, ट्रॅक कोणता, यावर तुम्ही आठ जण तीन रात्री जागाल, आणि वार मात्र "बघू" म्हणून सोडून द्याल. उलटं करा. आमचा रविवार, साडेनऊ. पावणेदहाला लॉबी, म्हणजे गेममधली जमायची खोली, बंद. मग चॅम्पियन असला तरी बाहेर. रंगपंचमीचा रविवार आला तर सुट्टी, कारण राजवाड्याच्या गेरहून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीहून, आलेला माणूस रात्री स्टिअरिंग धरण्याच्या अवस्थेत नसतो. गणपतीचे दहा दिवसही बंद. अनंत चतुर्दशीच्या रात्री अर्धं इंदूर मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघत रस्त्यावर असतं, तिथे तुमची रेस कोण धावणार?

दुसरं, आठ नावं म्हणजे ग्रिडवर पाच गाड्या. एकाची आत्या आलेली असते, एकाचं प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व संपलेलं असतं आणि ते त्याला नऊ पस्तीसला कळतं. लॉबीत सोळा गाड्या मावतात, म्हणून निदान बारा नावं जमवा. गुरुवारी एकेकाला विचारा, "येतोयस ना?" ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला सगळे अंगठा दाखवतात. त्या अंगठ्याला काही अर्थ नसतो.

सीझन सहा रेसचा ठेवा. पहिल्या सीझनला आम्ही बारा ठेवल्या होत्या. चौदा नावं होती, पाचव्या रेसला सहा उरली. तेव्हा मला वाटलं, पोरांना शिस्त नाही. नंतर एकाला विचारलं तर म्हणाला, "काका, पहिल्या वळणावर मागे पडलो की चाळीस मिनिटं मी एकटाच गाडी चालवतो. तसं तर मी एबी रोडवर रोजच चालवतो." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पहिले तीन कसेही येतातच, त्यांना जिंकायचं असतं. लीग टिकते ती नववा, अकरावा, तेरावा येणाऱ्यांवर. खाली मी जे काही सांगतोय ते सगळं त्या तेराव्याकडे बघून सांगतोय, हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिल्या सीझनला नुर्बुर्गरिंगचा तो लांबलचक जुना ट्रॅक नको. एक लॅप वीस किलोमीटरच्या वर. नवखा एकदा गवतात गेला की पुन्हा त्याला माणूस दिसत नाही. लहान आणि रुंद ट्रॅक घ्या.

आणि होस्ट, म्हणजे लॉबी उघडणारा, कोण, तर ज्याचं नेट तारेने जोडलेलं आहे तो. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या रेसला होस्ट मी होतो. दोन लॅप राहिले असताना वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा होता, देवघरातला दिवा होता, राउटर नव्हता. रेस माझ्याशिवाय संपली, पण निकालाचा फोटो काढायचं काम माझं होतं, त्यामुळे तो कोणीच काढला नव्हता. तिसरं कोण आलं यावर पंधरा दिवस खल चालला. तेव्हापासून राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि निकालाचा फोटो तिघांनी काढायचा असा नियम आहे.

आमच्या सहा रेसच्या लीगमध्ये एक मुलगा चार रेस जिंकला, पण परीक्षेमुळे दोन चुकला. दुसरा एकही जिंकला नाही. पाचदा दुसरा आणि एकदा तिसरा आला. पॉइंट फॉर्म्युला वनसारखे. चॅम्पियन हा दुसरा मुलगा ठरला आणि ग्रुप फुटायची वेळ आली. न्याय काय?
— वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

हिशेब मांडून बघू. फॉर्म्युला वनचे पॉइंट २०१० पासून २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे आहेत. तुमच्या पहिल्या मुलाचे चार पंचवीस म्हणजे १००. दुसऱ्याचे पाच अठरा नव्वद, अधिक पंधरा, १०५. चॅम्पियन दुसराच, यात चूक नाही.

आता प्रत्येकाची एक सर्वांत वाईट रेस सोडून द्यायची, असा नियम असता तर? पहिल्याचं एक शून्य गेलं, तो १०० वरच. दुसऱ्याचे पंधरा गेले, तो ९० वर. म्हणजे एका ओळीच्या नियमाने चॅम्पियन बदलतो. म्हणूनच ती ओळ सीझन सुरू व्हायच्या आधी लिहिलेली हवी. ती तुमच्याकडे नव्हती, तेव्हा या वर्षीचा कप दुसऱ्याचाच. आता नियम बदललात तर पुढच्या सीझनला तो येणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

हे भांडण फक्त तुमच्या कॉलनीचं नाही. १९८८ साली फॉर्म्युला वनमध्ये सोळा रेस होत्या आणि त्यांतल्या चांगल्या अकराच धरायच्या असा नियम होता. वर्षभरात अ‍ॅलन प्रोस्टने १०५ पॉइंट मिळवले, आयर्टन सेनाने ९४. पण चांगल्या अकरा धरल्यावर प्रोस्टचे ८७ उरले आणि सेनाचे ९०. चॅम्पियन सेना. दोघे एकाच संघाचे, मॅक्लारेनचे. पुढे १९९१ पासून सगळ्या रेस धरायला लागले. तिकडे ड्रायव्हरला पगार असतो, त्याने सगळ्या रेसला हजर राहायलाच हवं. आपल्याकडे माणसाला परीक्षा असते, नाइट शिफ्ट असते, मेव्हण्याचं लग्न असतं. म्हणून सहा-आठ रेसमागे एक सोडावी, असं माझं मत. दोन सोडल्या की शेवटच्या रेसला कोणी फिरकत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण खरी गोम वेगळीच आहे. फॉर्म्युला वनचे पॉइंट पहिल्या दहांपुरते. तुमच्या ग्रिडवर चौदा जण असतील तर चार जण दर आठवड्याला शून्य घेऊन झोपतात. तो तक्ता उचलूच नका. रेस पूर्ण करणाऱ्या शेवटच्या माणसालाही काही मिळालं पाहिजे. आमच्याकडे पहिल्याला ३०, मग २६, २३, २१, पुढे एकेक कमी. म्हणजे सोळाव्यालाही नऊ. अर्ध्यातून लॉबी सोडली तर मात्र शून्य. हा तक्ता लावल्यापासून "मागे पडलो, झोपतो आता" हा प्रकार बंद झाला. तेरावा आणि चौदावा एकेका पॉइंटासाठी शेवटच्या लॅपपर्यंत झुंजतात. कित्येकदा आघाडीपेक्षा तिथेच बघण्यासारखं असतं.

माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे, नोकरी चांगली आहे. पण रविवारी रात्री दार लावून "जागा सोड, जागा सोड" असं ओरडत असतो. सूनबाई माहेरी जायच्या गोष्टी करते. हा नाद सुटेल का?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई, सुटणार नाही. माझा सत्तेचाळिसाव्या वर्षी सुटलेला नाही. पण ओरडणं थांबवता येतं. त्याला सांगा, रेसमध्ये माइक बंद ठेव. आमच्या लीगमध्ये तो नियमच आहे. ज्याला बोलायचं त्याने रेस संपल्यावर बोलावं. आणि पुढच्या रविवारी सूनबाईंना त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसवा. आमच्याकडे मी एकदा पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यात, शिरायचं विसरलो तेव्हा टायर संपल्याचं बायकोनेच ओरडून सांगितलं होतं. माइक चालू होता, सोळा जणांनी ऐकलं. नियम त्यानंतर केला.

टक्कर झाली की ज्याने मारली तो म्हणतो, "याने मध्येच ब्रेक मारला", आणि ज्याला लागली तो म्हणतो, "याने उडवलं". निर्णय मी देतो, मग दोघेही माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही हे कसं करता?
— वाचक, मांडवी, बडोदे

मीही आधी तुमच्यासारखाच एकटा निर्णय द्यायचो. कसा पस्तावलो ते सांगतो.

मोन्झा, पहिला लॅप. लांबलचक सरळ रस्ता, अडीचशेच्या पुढून थेट दुसऱ्या गिअरवर आणणारं उजवं-डावं वळण. सोळा गाड्या एका अरुंद बोळात शिरतात, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला स्कूटर घालावी तशा. पाचव्या नंबरची निळी गाडी चौथ्या नंबरच्या पांढरीला मागून लागली. पांढरी आडवी, मागचे तीन त्यात अडकले. मी माझ्या कन्सोलवरचा रिप्ले चार वेळा पाहिला. निळीचं नाक स्पष्ट पांढरीच्या बंपरमध्ये. दहा सेकंदांची पेनल्टी ठोकली. निळीवाला पाचव्यावरून अकराव्यावर गेला. देवासचा मुलगा, वाद घालणारा नव्हे. त्याने फक्त स्वतःच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात दोन गाड्यांमध्ये अर्ध्या गाडीची जागा होती. टक्कर नव्हतीच!

खोटं कोणीच बोलत नव्हतं. अशा लॉबीत प्रत्येक कन्सोल आपली गाडी नेमकी जाणतो, बाकीच्यांच्या गाड्या कुठे असतील याचा मात्र नेटवरून आलेल्या माहितीवरून अंदाज बांधतो. माहिती यायला वेळ लागतो. ताशी दोनशेच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ५५ मीटर जाते. माहिती सेकंदाचा दहावा भाग उशिरा आली, तर तेवढ्यात साडेपाच मीटर, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा जास्त. त्यातून समोरच्याने जोरात ब्रेक दाबला असेल तर तुमच्या कन्सोलला ते उशिरा कळतं. तोवर तो त्याची गाडी पुढेच ढकलत असतो. पांढरीच्या स्क्रीनवर धक्का लागला, निळीच्या स्क्रीनवर नाही. दोन्ही खरं. आणि माझ्या कन्सोलवर तिसरंच चित्र.

मी पेनल्टी मागे घेतली, ग्रुपवर चूक कबूल केली. मुलाने सीझन पूर्ण केला आणि पुढच्याला नाव दिलं नाही. मी दोनदा फोन केला. "नोकरीमुळे वेळ नाही, काका," म्हणाला. असेलही.

आता आम्ही असं करतो. निर्णय तिघांचा, आणि तिघंही दुसऱ्या डिव्हिजनचे, म्हणजे ज्यांचा त्या रेसशी संबंध नाही. तक्रार त्याच रात्री घेत नाही. सोमवारी सकाळी आठ ते रात्री आठ. गंमत अशी की, रविवारी रात्री सात जण तक्रार करणार असतात, सोमवारी दोनच करतात. तक्रारीत लॅप, वळण आणि स्वतःचं रेकॉर्डिंग हवं. समोरच्याचं आम्ही मागवतो. दोन्ही चित्रं जुळली नाहीत तर ती लॅगची, म्हणजे नेटच्या उशिरामुळे झालेली, टक्कर, कोणालाच शिक्षा नाही. ग्रुपवर या विषयावर एक अक्षर नाही.

जागेचा वाद असेल तर कसोटी एकच: वळायला सुरुवात करताना आतल्या गाडीची पुढची चाकं बाहेरच्या ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचली होती का? पोचली असतील तर एका गाडीची जागा सोडायची, नसतील तर आतल्याने माघार घ्यायची. चुकून कोणाला उडवलं तर थांबा, त्याला पुढे जाऊ द्या आणि मग निघा. जो थांबला त्याला आम्ही शिक्षा करत नाही. आणि निर्णय दोन ओळींचा लिहा. तीन ओळी झाल्या की तिसरीवर वाद सुरू होतो.

कंट्रोलरवाल्यांचा वेगळा गट करावा का? माझ्याकडे गेमचं स्टिअरिंग व्हील आहे, त्यांच्यावर अन्याय होतो असं वाटतं.
— वाचक, देवास

नको. आमच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये गेल्या सीझनला तिसरा आलेला कंट्रोलरवाला होता, आणि जी-२९ व्हील डायनिंग टेबलाला आवळून बसणारे पाच जण त्याच्या मागे. व्हीलने मजा वाढते आणि हात दुखतात. वेग माणसाचा असतो. गट करायचाच तर वेगावर करा: क्वालिफाइंगच्या, म्हणजे रेसआधीच्या पात्रता फेरीच्या, वेळेनुसार वरचे अर्धे आणि खालचे अर्धे. खालच्या डिव्हिजनचा विजेताही विजेताच असतो. त्याचा फोटोही तितक्याच मोठ्या आकारात टाका.

टायर झिजण्याचा आकडा किती ठेवावा? आणि गाड्या सारख्या करणारी सेटिंग लावावी का?
— वाचक, इंदूर

हा प्रश्न माझ्या धंद्याचा, म्हणून जरा रेंगाळतो. खऱ्या रेसमध्ये टायर जितका वेळ टिकतात तितकी आपली रेसच नसते. म्हणून गेममध्ये झीज काही पटींनी वाढवायची सोय असते, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासातही पिटमध्ये जावं लागतं. मोठे आकडे ऐकायला मर्दानी वाटतात. पण टायर कोण झिजवतं? जो घसरतो तो. जो वळणात उशिरा ब्रेक मारून मग स्टिअरिंग पिळत बसतो, त्याचे पुढचे टायर आधी जातात. म्हणजे नवखा. आकडा दहा पट केलात की तेराव्याला तीनदा पिट आणि पहिल्याला एकदा. चाळीस मिनिटांच्या रेसला आम्ही इतकाच ठेवतो की हळू माणसालाही एका थांब्यात भागावं. पाच-सहा लॅप सराव करा आणि ग्रुपमधल्या सर्वांत घसरणाऱ्या माणसाचे टायर बघून ठरवा. सर्वांत वेगवान माणसाला विचारू नका, तो जास्तच मागेल.

गाड्या सारख्या करणारी बीओपी जरूर लावा. ती लावली की जास्त ताकदीची गाडी विकत घेऊन कोणी पुढे जात नाही, आणि ज्याच्या गॅरेजमध्ये चारच गाड्या आहेत तोही सुखाने येतो. फक्त त्यात गाडीची सेटिंग बदलता येत नाही. टो नाही, कॅम्बर नाही, म्हणजे चाकांच्या कोनाला हातच लावता येत नाही. खऱ्या आयुष्यात चाकं समोरून बाहेर फाकलेली असली की टायरची आतली कड खाल्ली जाते, आणि गिऱ्हाईक येऊन टायर कंपनीला शिव्या घालतं. ते मी मशीनवर दाखवून दहा मिनिटांत सरळ करतो. इथे माझं सगळं ज्ञान पाण्यात. लीगचा कारभारी मी असूनही सातव्याच्या वर कधी आलो नाही, ते काही उगीच नाही.

पीथमपूरचा नॅट्रॅक्सचा ट्रॅक तुमच्या गेममध्ये आहे का?
— नववीतला वाचक, महू

नाही रे बाळा. २०२१ मध्ये उद्घाटन झालेला तो ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, रेससाठी नाही. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा वेटेल जिंकला, तोही यात नाही. तुझ्यासारखंच मलाही वाईट वाटतं.

प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस ठेवावं का? मुलं जोमाने खेळतील.
— वाचक, अलकापुरी, बडोदे

नको. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. पैसे लावून खेळण्यावर त्यात बंदी आहे, ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता आहे. त्या दोघांमधली रेघ शोधत बसणं हे तुमचं-माझं काम नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी, पैसे आले की सोमवारच्या दोन तक्रारी पुन्हा सात होतात.

आमच्याकडे चॅम्पियनला एक कप, तोही फिरता. दुसरं बक्षीस दुकानातर्फे. एकही रेस न चुकवता सगळ्या पूर्ण करणाऱ्यांत जो सर्वांत खाली आहे, त्याला चारही चाकांचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग फुकट. त्या बक्षिसासाठी खालच्या चौघांत काय हिशेब चालतात ते तुम्ही बघायला हवं. गेल्या सीझनला ते बडोद्याच्याच एका मुलाला मिळालं. त्याच्याकडे सायकल आहे. पावती त्याच्या नावाने कॉम्प्रेसरच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. गाडी घेईल तेव्हा इंदूरला येतो म्हणालाय.